फाईल कुणाच्या टेबलावर होती?

घरातल्याच माणसांच्या छळाने एखादं लहान मूल गेलं आणि मग कळलं की त्या घराची माहिती बालसंरक्षण विभागाला आधीपासून होती, की पुढे काय होणार हे आता आपल्याला पाठ झालंय. पहिल्या दिवशी मारणाऱ्याचा फोटो, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचे बाईट, आणि तिसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न, फाईल कुणाच्या टेबलावर होती? ते नाव सापडलं की सगळ्यांना जरा हायसं वाटतं. मंत्री निवेदन देतात, विभागप्रमुख म्हणतात कडक कारवाई करू, आपण खाली कमेंट टाकतो की असल्यांना जन्मभर आत टाका, आणि ज्या बाईच्या (बहुतेक वेळा बाईच असते) टेबलावर ती फाईल होती तिथे त्या दिवशी अजून किती फायली होत्या हे विचारायचं राहूनच जातं.

मला वाटतं तो राहून गेलेला प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. सोशल वर्करांची, म्हणजे घरोघरी जाऊन मुलं सुरक्षित आहेत का ते बघणाऱ्या या विभागातल्या कर्मचाऱ्यांची, कीव यावी असा काही हेतू नाहीये माझा, त्यांच्यातही कामचोर असतात, खोटं लिहिणारे असतात, त्यावर पुढे येतेच. मुद्दा मुलांचा आहे. एका माणसाच्या अंगावर किती मुलं टाकायची हा आकडा ऑफिसच्या सोयीने ठरतोय तोपर्यंत बाकीच्या सगळ्या सुधारणा, नवीन फॉर्म, नवीन ट्रेनिंग, नवीन सॉफ्टवेअर, म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. तो आकडा कायद्याने बांधून टाका, आणि तो ओलांडून केस देणारा जो कोणी असेल त्याची त्यावर सही घ्या. एवढंच म्हणणं आहे, पण ते का, ते जरा सविस्तर सांगते.

व्हिक्टोरिया क्लिंबीचं प्रकरण घ्या. आयव्हरी कोस्टमधली मुलगी, तिकडे चांगलं शिकायला मिळेल म्हणून आईबापांनी नात्यातल्या बाईबरोबर युरोपात पाठवलेली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये वयाच्या आठव्या वर्षी ती गेली. अंगावर १२८ जखमा मोजल्या होत्या डॉक्टरांनी. त्या बाईला आणि तिच्या जोडीदाराला जन्मठेप झाली. मग लॉर्ड लॅमिंग यांची चौकशी बसली, २००३ मध्ये अहवाल आला, त्यात १०८ शिफारशी, आणि या मुलीला वाचवता आलं असतं अशा किमान १२ संधी हातच्या गेल्या असं त्यांनी दाखवून दिलं. हॉस्पिटलमध्ये कुणीतरी खरूज म्हणून निदान केलं, तर त्या भीतीने सोशल वर्कर आणि पोलीस दोघीही तिच्या घरी जायला कचरल्या. हे वाचून संताप होतो, व्हायलाच पाहिजे.

पण त्याच अहवालात अजून एक गोष्ट आहे जी सहसा कुणी सांगत नाही. त्या सोशल वर्करकडे तेव्हा १९ केसेस होत्या, आणि तिच्या ऑफिसच्या स्वतःच्याच नियमात जास्तीत जास्त १२ लिहिलेल्या होत्या. म्हणजे नियम होता, तो मोडलेला सगळ्यांना दिसत होता, आणि तो मोडणं ही कुणाचीच चूक नव्हती. बाई या कामात तशी नवखी, सुपरव्हिजन नावापुरतं. लॅमिंग यांनी स्पष्ट म्हटलं होतं की सगळ्यात मोठं अपयश वरच्या मॅनेजर लोकांचं, ज्यांचं काम पुरेसे पैसे आणि पुरेशी माणसं आहेत की नाही हे बघणं होतं. नोकरी मात्र तिची गेली. पुढे तिला परत मुलांसोबत काम करायची परवानगी ट्रिब्युनलने दिली, पण ती बातमी किती जणांनी वाचली असेल.

आता हे काम प्रत्यक्षात असतं कसं ते बघा, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात असं चित्र असतं की सोशल वर्कर जाते, बघते, मूल धोक्यात असेल तर उचलून आणते, यात अवघड काय. या कामात वर्षानुवर्षं घालवलेली माझी एक मैत्रीण सांगते की दार उघडेपर्यंतच अर्धी ताकद जाते. आत टीव्ही मोठ्ठ्याने चालू असतो आणि तो बंद करा म्हणायला जीव धजत नाही. कुत्रं असेल तर ते अंगावर येतं आणि त्याला बांधायची कुणाला घाई नसते. आईचा मित्र अशी ओळख करून दिलेला एक माणूस दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो, बसत नाही, जात नाही, बोलतही नाही. मूल कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेलं. शाळेत कसं वाटतं, छान. रात्री कुठे झोपतोस, इथे. हाताला काय लागलं, पडलो. तेवढ्यात आई रडायला लागते, खरंच रडत असते ती, तिलाही त्या चौकटीतल्या माणसाची भीती असते कदाचित, आणि हिला त्याच क्षणी तिच्यावर विश्वास पण दाखवायचा असतो आणि तिच्या प्रत्येक वाक्यावर संशय पण घ्यायचा असतो. मुलाची झोपायची खोली बघायचीय, फ्रिज उघडून बघायचाय, मुलाशी एकट्याने बोलायचंय, आणि हे सगळं मागताना दार तोंडावर आपटलं जाणार नाही एवढं गोडही राहायचंय, कारण पुढच्या आठवड्यात परत याच दारात यायचंय. आणि मनगटावरच्या घड्याळात पुढची व्हिजिट शहराच्या दुसऱ्या टोकाला, ती संपली की संध्याकाळी दोन रिपोर्ट.

पीटर कॉनेली म्हणून १७ महिन्यांचा मुलगा होता, त्याच लंडनमधला, व्हिक्टोरिया ज्या हॅरिंगे भागातली होती तिथलाच. तो ऑगस्ट २००७ मध्ये गेला. त्याआधीच्या आठ महिन्यांत डॉक्टर, पोलीस, सोशल वर्कर असं सगळं धरून कुणी ना कुणी सुमारे ६० वेळा त्याला पाहिलं होतं. मृत्यूच्या चार दिवस आधी सोशल वर्कर घरी आली तेव्हा त्याच्या तोंडाला आणि हाताला चॉकलेट फासलेलं होतं, जखमा झाकायला. आता शांतपणे विचार करा. चॉकलेट खाऊन तोंड बरबटलेलं पोर समोर आहे, आई हसतेय. तिथे "याचं तोंड धुवा, मला बघायचंय" असं म्हणायला काय लागतं? धीटपणा लागतो हे खरं, पण तो धीटपणा डोकं ताजं असताना येतो, घाई नसताना येतो, आणि ऑफिसला परत गेल्यावर "तोंड धुवायला लावलंस का?" असं विचारणारा कुणीतरी सुपरव्हायझर असतो तेव्हा येतो. दिवसातली चौथी व्हिजिट करत असलेल्या माणसाला समोरचं चित्र बरं आहे असं वाटावंसं वाटतं. हा काही फक्त सोशल वर्करांचा दोष नाही, आपण सगळेच दमलो की बरं तेच बघतो.

पीटरच्या केसनंतर जे झालं ते मला त्या केसइतकंच महत्त्वाचं वाटतं. एका टॅब्लॉइडने सगळ्यांना काढून टाका म्हणून मोहीम चालवली, दहा लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. डिसेंबर २००८ मध्ये तेव्हाचे मंत्री एड बॉल्स यांनी तिथल्या विभागप्रमुख शॅरन शूस्मिथ यांना टीव्हीवर लाईव्ह पत्रकार परिषदेत पदावरून हटवल्याचं जाहीर केलं. २०११ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की ही हकालपट्टी बेकायदेशीर होती, बाईंना त्यांची बाजू मांडायला धड संधीच दिली नव्हती. तोपर्यंत धडा सगळ्यांपर्यंत पोचला होता. कुठला धडा? तर आपल्या नावावर फाईल ठेवायची नाही. इंग्लंडभर मुलांना घरातून काढण्यासाठी कोर्टात जाणारे अर्ज झपाट्याने वाढले. नेदरलँड्समध्येही तसंच घडलं, २००४ मध्ये साव्हाना नावाची तीन वर्षांची मुलगी गेली, तिच्या कुटुंबावर नेमलेल्या सोशल वर्करवर थेट फौजदारी खटला भरला गेला, ती २००७ मध्ये निर्दोष सुटली, पण त्या काळात मुलांना घराबाहेर काढण्याचं प्रमाण तिकडेही वाढलं.

यावर कुणी म्हणेल, मग चांगलंच की, थोडी जास्त मुलं काढली तर बिघडलं कुठे, एखादं तरी वाचेल. हे वरवर पटतं, पण मूल घरातून काढणं म्हणजे औषध नाही, ऑपरेशन आहे, त्याचे स्वतःचे घाव असतात. शाळा सुटते, भावंडं वेगवेगळ्या घरांत जातात, मुलाला वाटतं आपण काहीतरी केलं म्हणून आपल्याला पाठवलं. आणि गरज नसताना काढलेल्या प्रत्येक मुलामागे कोर्टाची तारीख, फॉस्टर घर (मुलाला तात्पुरतं सांभाळणारं दुसरं कुटुंब), आईच्या भेटी, एवढं सगळं काम त्याच सोशल वर्करच्या डोक्यावर येतं, म्हणजे भीतीपोटी उघडलेल्या फायली खऱ्या धोक्यातल्या मुलाची फाईल खाली दाबतात. वर ज्यांच्याकडे पैसा नाही, स्वतःचं घर नाही, वकील नाही, त्यांचंच दार आधी ठोठावलं जातं. गरिबी आणि दुर्लक्ष यातला फरक ओळखायला वेळ लागतो, एका व्हिजिटमध्ये रिकामा फ्रिज दोन्हीकडे सारखाच दिसतो.

म्हणजे या सोशल वर्करची अवस्था बघा, इकडे आड तिकडे विहीर. काढलं तर कुटुंब फोडलं, नाही काढलं तर मूल मारलं. आणि जिथे बरोबर निर्णय झाला, आईला मदत मिळाली, दारू सुटली, मूल घरीच वाढलं, ती बातमी कधीच होत नाही, कारण न घडलेल्या गोष्टीची बातमी कशी करणार. वर्षाला शेकडो वेळा हे होत असेल पण या कामाची जगाला दिसणारी बाजू म्हणजे फक्त मेलेली मुलं.

मग लोक सोडून जातात, दुसरं काय करणार. अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने (तेव्हा नाव जरा वेगळं होतं) २००३ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात आकडे आहेत. बालकल्याण क्षेत्रातली वर्षाची गळती ३० ते ४० टक्के असल्याचे अंदाज, आणि माणूस सरासरी टिकतो दोन वर्षांपेक्षाही कमी. चाइल्ड वेल्फेअर लीग ऑफ अमेरिका ही तिकडची जुनी संस्था सांगते की एका कर्मचाऱ्याकडे १२ ते १५ मुलं असावीत, प्रत्यक्षात सरासरी होती २४ ते ३१ आणि काही ठिकाणी तर ११० पर्यंत. एकशेदहा! त्या माणसाला नावं तरी पाठ असतील का. हे आकडे आता जुने झालेत, पण यातलं जे चक्र आहे ते जुनं झालेलं नाही. एक जण सोडून गेला की त्याच्या केसेस उरलेल्यांत वाटतात, त्यांचा भार वाढतो, त्यातला अजून एक जातो, आणि भरती होते ती कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांची, ज्यांना सगळ्यात अवघड केसेस मिळतात कारण अनुभवी माणसं तोवर कुठल्यातरी शांत खात्यात निघून गेलेली असतात.

याचा मुलांवर काय परिणाम होतो याचाही एक अभ्यास आहे, मिलवॉकीचा, २००५ चा. संस्थेच्या ताब्यात आलेल्या मुलांपैकी ज्यांना सुरुवातीपासून एकच सोशल वर्कर लाभली त्यांच्यातल्या ७४.५ टक्के मुलांना कायमचं घर मिळालं, म्हणजे आईबापांकडे परत किंवा दत्तक वगैरे. दोन जणी झाल्या तर ते प्रमाण १७.५ टक्क्यांवर आलं. सहा-सात जणी झाल्या तर ०.१ टक्का. हे वाचून एकदम हुरळून जायला नको हेही सांगते, कारण जे मूल जास्त काळ सिस्टिममध्ये राहतं त्याचे सोशल वर्कर बदलणारच, आणि अवघड केस जास्त काळ चालते, म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्या आकड्यावरून पूर्ण ठरत नाही. पण निम्मा फरक तसा धरून सोडून दिला तरी उरतं ते पुरेसं आहे. आणि आकडा बाजूला ठेवून नुसता विचार करा, आठ वर्षांच्या मुलाने आपल्याला कोण मारतं हे कुणाला सांगावं? दर चार महिन्यांनी येणाऱ्या नव्या ताईला? ती पण जाणारे हे त्याला माहिती असतं. मुलं याबाबतीत मोठ्या माणसांपेक्षा हुशार असतात.

कागदांचं प्रकरण तर वेगळंच. प्रत्येक मृत्यूनंतर चौकशी, प्रत्येक चौकशीनंतर शिफारशी, प्रत्येक शिफारशीचा एक नवीन फॉर्म. इंग्लंडमध्ये एक काळ असा होता की सुरुवातीची पाहणी ७ कामकाजाच्या दिवसांत आणि सविस्तर पाहणी ३५ कामकाजाच्या दिवसांत संपलीच पाहिजे, कॉम्प्युटर लाल दिवा दाखवायचा, आणि ऑफिसचं प्रगतिपुस्तक त्या लाल-हिरव्या दिव्यांवर ठरायचं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी २०११ मध्ये सरकारसाठी या सगळ्याचा आढावा घेतला, त्याचं सार एका वाक्यात सांगायचं तर सगळी यंत्रणा "आपण नियम पाळले का" यात गुंतली आहे आणि "मुलाचं भलं झालं का" हे विचारायचं राहिलंय. त्यांनी त्या मुदती काढून टाका म्हणून सांगितलं आणि त्या नंतर बदलल्याही. पण दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, तिकडच्याच दुसऱ्या एका मोठ्या आढाव्यात परत तेच लिहिलंय, प्रत्यक्ष काम करणारे सोशल वर्करसुद्धा कुटुंबांबरोबर आपला एक तृतीयांश वेळही घालवत नाहीत. उरलेला वेळ कीबोर्डवर. आता यात नोंदी ठेवूच नका असं कुणीच म्हणत नाहीये, नोंदी नसत्या तर व्हिक्टोरियाला कुणीकुणी पाहिलं होतं हेही कळलं नसतं. पण स्वतःला वाचवायला लिहिलेली नोंद आणि पुढच्या माणसाला मूल समजावं म्हणून लिहिलेली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि भीतीच्या वातावरणात पहिलीच लिहिली जाते. "आईला समज दिली." "पुढील भेटीत पाहणे." कोर्टात टिकतात ही वाक्यं, मुलाबद्दल काहीच सांगत नाहीत.

मनावर होणाऱ्या परिणामाबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना कळतं. दुसऱ्याचा आघात रोज ऐकून, बघून, त्याचे फोटो फाईलला लावून माणसाला स्वतःला त्याच आघाताची लक्षणं दिसायला लागतात, यावर भरपूर लिखाण झालंय. मला जास्त खटकतं ते असं की यावर उपाय म्हणून ऑफिसं काय करतात तर योगाचं शिबिर, तणावमुक्तीचं लेक्चर, एक हेल्पलाईन नंबर. म्हणजे अंगावर दुप्पट ओझं टाकायचं आणि मग श्वास कसा घ्यावा ते शिकवायचं. त्यातून धमक्या आहेतच, बाप सोशल मीडियावर फोटो टाकतो, हिने माझी मुलं चोरली म्हणून, खाली शेकडो शिव्या, आणि दुसऱ्या दिवशी हिला एकटीनेच त्याच घरी जायचं असतं.

बरं, आता उलट बाजू. काही वेळा सोशल वर्कर खरंच दोषी असते, ओझं वगैरे सगळं धरून सुद्धा. व्हिजिट न करता केली म्हणून लिहिणं हा गुन्हाच आहे आणि ओव्हरलोड हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही. कॅलिफोर्नियात पामडेलला मे २०१३ मध्ये गेब्रिएल फर्नांडिस हा आठ वर्षांचा मुलगा छळ होऊन गेला, त्याच्या शिक्षिकेने परत परत तक्रार केली होती. तिथे दोन सोशल वर्कर आणि दोन सुपरव्हायझर अशा चौघांवर २०१६ मध्ये फौजदारी आरोप लागले, मुलाच्या छळाला कारणीभूत होणं आणि सरकारी नोंदींत खोटं लिहिणं असे. २०२० मध्ये अपील कोर्टाच्या निर्णयानंतर ते आरोप रद्द झाले. त्या मुलाच्या केसबद्दल जेवढं वाचलंय त्यावरून मला त्या चौघांबद्दल अजिबात सहानुभूती वाटत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. नोकरीवरून काढलं ते ठीकच केलं.

पण शिक्षा करणं आणि पुढचं मूल वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं केलं की दुसरं आपोआप होतं असं आपण धरून चालतो, तिथे गडबड आहे. चार जणांना खटल्यात उभं केल्यावर त्याच ऑफिसातल्या पाचव्याने काय शिकायचं? विमान वाहतुकीत बघा, पायलटने किती तास उडवायचं याला कायद्याने मर्यादा असते, ती संपली की विमान जागेवर उभं राहतं, प्रवासी ओरडले तरी. तिथे कुणी म्हणत नाही की पायलट खरा निष्ठावान असेल तर अजून चार तास उडवेल. सोशल वर्करला मात्र आपण रोज हेच म्हणतो, सेवाभाव म्हणून, मुलांसाठी म्हणून, आणि ती बिचारी उडवते.

अल्गोरिदमचंही हल्ली बरंच बोललं जातं. पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलेगेनी काउंटीत ऑगस्ट २०१६ पासून फोनवर येणाऱ्या तक्रारींना सॉफ्टवेअर १ ते २० मध्ये गुण देतं, कुठलं घर आधी बघायचं हे ठरवायला मदत म्हणून. त्यावर वाद खूप आहेत, ज्या गरीब कुटुंबांची सरकारी नोंद जास्त त्यांचाच स्कोअर वाढतो वगैरे, त्यात आत्ता शिरत नाही. समजा ते अगदी उत्तम चाललं, तरी ते फक्त कुठल्या दारावर जायचं ते सांगेल. दारात उभा असलेला तो माणूस, ते चॉकलेटने बरबटलेलं तोंड, ते तिथे गेलेल्या जिवंत माणसालाच बघावं लागणार.

बदल होऊ शकतो का? होतो, थोडा थोडा. लंडनच्याच हॅकनी भागात २००७-०८ च्या सुमाराला त्यांनी छोट्या टीम केल्या, एक अनुभवी सोशल वर्कर प्रमुख, सोबत अजून एक-दोन जण, एक थेरपिस्ट, आणि एक कोऑर्डिनेटर जिचं कामच मुळी फोन, कागद, तारखा सांभाळणं. प्रत्येक कुटुंब सगळ्या टीमला माहिती. दर आठवड्याला बसून प्रत्येक मुलाबद्दल बोलायचं. म्हणजे एक जण रजेवर गेली तरी मूल अनोळखी होत नाही आणि "तोंड धुवायला लावलंस का?" हे विचारणारं कुणीतरी असतंच. लोकांच्या आजारपणाच्या रजा कमी झाल्या, संस्थेत जाणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली. हे काही कायमचं सोनं लागलं नाही, २०१९ मध्ये तपासणीत त्याच हॅकनीचा दर्जा खाली आला, त्यामुळे मी काही त्या मॉडेलची भक्त नाही. पण एकटीने फाईल वाहण्यापेक्षा हे बरं, एवढं नक्की.

आता शेवटी ज्यावर सगळे अडतात ते, पैसे. केसेस १२ किंवा १५ वर थांबवल्या तर उरलेल्या मुलांचं काय, त्यांना वाऱ्यावर सोडायचं? हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो आणि विचारणाऱ्याला वाटतं की आता हिची बोलती बंद. पण ती मुलं आजही वाऱ्यावरच आहेत. ३१ मुलं नावावर असलेल्या बाईला त्यातली १५ नीट बघता येतात, बाकीची १६ कागदावर सांभाळली जातात, फरक एवढाच की ती कुठली १६ हे कुणालाच माहिती नसतं, तिलासुद्धा नाही. मर्यादा घातली तर ती सोळा मुलं "कुणाकडेही न दिलेली" म्हणून यादीत दिसायला लागतील. ती यादी दर महिन्याला जाहीर करा, नावं नकोत, फक्त आकडा, ऑफिसप्रमाणे. आणि मर्यादा ओलांडून केस दिलीच तर देणाऱ्या अधिकाऱ्याची सही, तारीख आणि कारण त्याच फाईलच्या पहिल्या पानावर. उद्या दुर्दैवाने त्या घरात काही झालं तर चौकशी त्या पानापासून सुरू होईल, मग बजेट मागितलं होतं का, कुणी नाकारलं, रिकामी पदं किती महिने भरली नव्हती, हे सगळं त्यातून निघेल आणि सोशल वर्करने काय केलं काय नाही हेही निघेल, ते सुटणार नाही.

ऑफिसवाल्यांना हे आवडणार नाही हे माहिती आहे. ओव्हरलोडचा एक मोठा फायदा त्यांना असतो, तुटवडा दिसत नाही. सगळ्या केसेस कुणाला तरी "दिलेल्या" असतात, तक्त्यात शंभर टक्के येतात आणि अर्थखात्याला वाटतं की चाललंय की व्यवस्थित. युनियन आणि सोशल वर्करांच्या संघटना पगारवाढीसाठी भांडतात ते योग्यच आहे, पण पगार वाढवून केसेस तीसच ठेवल्या तर लोक सहा महिने जास्त टिकतील एवढंच. मला विचाराल तर पहिली मागणी त्या यादीची करा. ती छापायला कुठलं नवीन बजेट लागत नाही, आकडा प्रत्येक ऑफिसात आजही कुणाच्यातरी एक्सेल शीटमध्ये आहेच.